परत घेतलेली साक्ष

प्रमोदिनीबाई अमोलिकांना देवाशी बोलायला कधी आडपडदा लागला नाही. कल्याणच्या त्यांच्या मराठी मंडळीत, म्हणजे दर रविवारी चर्चला जमणाऱ्या दीडदोनशे माणसांत, कुणी आजारी पडलं की एक फोन डॉक्टरला जायचा आणि दुसरा बाईंना. काही घरांत तर पहिलाच बाईंना. "बाई, साखळी लावा," एवढंच म्हणायचं. साखळी म्हणजे साखळी-प्रार्थना. दिवसाचे चोवीस तास चोवीस घरांत वाटून द्यायचे, ज्यानं त्यानं आपला तास धरायचा, म्हणजे आजाऱ्यासाठीची प्रार्थना कुठेच तुटत नाही. यादी बाई करायच्या. पहाटे कोण उठतो, दुपारची पाळी कुणाची, हो म्हणून कोण खुशाल घोरतो, सगळं त्यांना तोंडपाठ. घोरणाऱ्यालाही त्या तास द्यायच्याच, पण मध्येच फोन करायच्या. "काय रे, चाललंय ना? का आमेन कधीच झालं?"

तीस वर्षं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स होत्या. खांद्याला लशींची निळी पेटी लावून डोंबिवलीच्या चाळींतून पोलिओचे डोस पाजत हिंडलेल्या. तोंडावर दार लावणाऱ्या आयांना दार उघडायला लावायची त्यांची हातोटी होती, आणि खरं सांगायचं तर देवाच्या दारातही त्यांनी तीच वापरली. रडणं नाही, भाकणं नाही. "प्रभू, हा पोरगा तुझा आहे. ताप उतरव. आम्ही बसलोय इथे." संपली प्रार्थना! लोकांना त्या दणदणीत आवाजाचाच आधार वाटायचा.

घर डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात मुलगा ऋतुराज, सून हेमांगी आणि सात वर्षांची नात अंतरा. हेमांगी माहेरची ठाण्याची, नौपाड्यातली, हिंदू घरातली, शाळेत गणित शिकवणारी. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिनं बाप्तिस्मा घेतलेला नाही. बाईंनी कधी विषय काढला नाही. हेमांगीच्या कपाटात साड्यांमागे चांदीचा छोटा गणपती आहे हे बाईंना माहीत होतं, आणि बाईंना ते माहीत आहे हे हेमांगीला माहीत होतं. दोघींचं छान चाललं होतं.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झालेली. अंतराला पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते. ते थांबले आणि सगळे विसरूनही गेले. त्या सोमवारी संध्याकाळी पोरगी खालून खेळून वर आली ती एकाच पायात चप्पल घालून.

"दुसरी कुठे गं?" बाईंनी विचारलं.

"मला कळलंच नाही, आजी."

ऋतुराज हसला. "धांदरट आहे एक नंबरची!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंतराला टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेनं टिचकन मारलं. पाय उडायला हवा होता. उडाला नाही. दुसऱ्या पायाला मारलं, तोही नाही. पायातून सुटलेली चप्पल कळत नाही, याचा अर्थ काय ते ज्या बाईनं उभ्या नोकरीत असे लुळे पडत जाणारे पाय दारोदार शोधले, तिला वेगळं सांगायला नको होतं.

"गाडी बोलाव. ठाण्याला, लहान मुलांच्या हॉस्पिटलात."

"आई, मी आत्ता कुठे ऑफिसवरून आलेलो. उद्या सकाळी—"

"उद्या सकाळी ती उभी राहणार नाही. ऊठ!"

शीळफाट्याला ट्रकांनी रस्ता अडवलेला. तासभर गाडी जागची हलली नाही. हेमांगीच्या मांडीवर बसलेल्या अंतराला तिथवर पाय वर घेता येत होते. फाटा ओलांडला तेव्हा डावा येईना. हॉस्पिटलात तिला उचलूनच न्यावं लागलं.

डॉक्टर सुश्रुत लेले तिशीतले, पण बोलणं मुरलेल्या माणसाचं. म्हणाले, "आजच आणलीत हे फार बरं केलंत. आजाराशी लढणारी शरीराची फौज कधीकधी चुकून आपल्याच नसांवर उलटते. पायांपासून सुरू होतं, वर चढत जातं. छातीपर्यंत गेलं तर श्वासासाठी मशीन लावावं लागतं. पाच दिवस सलाइनमधून औषध देऊ. बहुतेक मुलं बरी होतात. पण मध्येच उलट खाऊ शकतं, हे आत्ताच सांगून ठेवतो."

बाईंनी 'बहुतेक मुलं बरी होतात' एवढं ऐकलं. पुढचं वाक्य कानावरून गेलं. एरवी डॉक्टरांचं अक्षर न् अक्षर लिहून घेणारी बाई ही!

साखळी त्याच रात्री लागली. चोवीस घरं कुठे, चाळीस घरांनी तास मागितले. शहाडहून, अंबरनाथहून फोन आले. बाईंनी आयुष्यभर लोकांसाठी घसा कोरडा केला होता. आता लोकांना फेडायची घाई झाली होती. अंतराचे हातही जड होऊ लागले. डॉक्टर रोज सकाळी तिला एका दमात आकडे मोजायला लावायचे, श्वासात किती जोर आहे ते बघायला. मंगळवारी वीस, गुरुवारी सोळा. हेमांगी तिच्याबरोबर ओठ हलवून मोजायची आणि सोळाला पोरगी थांबली की हिचाच श्वास अडकायचा.

शनिवारी शेवटचं सलाइन संपलं. दुपारी अंतरानं उजवा गुडघा गादीवरून वीतभर उचलला. "आजी, बघ ना!"

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऋतुराजच्या बापाला मातीत ठेवलं तेव्हासुद्धा एवढ्या रडल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी त्या कल्याणला निघाल्या, तेव्हा हेमांगी हॉस्पिटलच्या लिफ्टपर्यंत मागे आली. "आई, चर्चमध्ये बरी झाली म्हणून सांगू नका हं अजून. डॉक्टर थांबा म्हणालेत."

"अगं, डोळ्यांनी बघून उपकार कुणीही मानेल. बघायच्या आधी मानायचे, त्यालाच विश्वास म्हणतात."

हेमांगीनं लिफ्टचं बटण दाबलं. उत्तर आलं तरी पडताळा घेतल्याशिवाय हिला खाली रेघ मारवत नाही, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना सुनेची जरा कीवही आली. शिष्टपणाच होता तो, दुसरं काही नाही.

आता मंडळीतली साक्ष म्हणजे काय ते सांगायला हवं. उपदेशाआधी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग कुणीतरी उभं राहतं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतं. कुणाची गाठ विरघळली, कुणाचा मुलगा दारूतून सुटला. ऐकणारे ते घरी नेतात, आपल्या अडचणीत आठवतात, त्यावर दिवस काढतात. म्हणून साक्ष ही गंमत नव्हे. आणि दिलेली साक्ष कुणी परत घेतल्याचं कल्याणात तरी ऐकिवात नव्हतं. तशी पद्धतच नाही.

बाई उभ्या राहिल्या. "देवानं माझ्या नातीला बरं केलं आहे," त्या दणदणीत आवाजात म्हणाल्या. "होणार आहे नाही म्हणत, केलं आहे! साखळी आजपासून बंद. मागून झालं, आता मिळालं. येत्या शनिवारी आमच्या घरी उपकारस्तुती, सगळ्यांनी जेवायलाच यायचं." टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

मंगळवारी अंतरा बावीसपर्यंत मोजत होती. बुधवारी सकाळी अकरा. अकराला डॉक्टर लेल्यांची भुवई चढली. दुपारी पाच. "सहा" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. अर्ध्या तासात तिच्या घशात नळी गेली आणि मशीन तिच्यासाठी श्वास घेऊ लागलं. उचललेला गुडघा पुन्हा लाकडासारखा पडला.

हेमांगी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "आई, तुमच्या प्रार्थनेनं काय होतं, मला माहीत नाही. काही होत नसेल तर प्रश्नच मिटला. पण होत असेल तर ती चालू हवी होती ना? रविवारपासून तुम्ही ती बंद केलीत."

गणित बिनचूक होतं.

बाई लिफ्टजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. डोळे मिटले. "प्रभू," म्हणाल्या, आणि पुढे काहीच येईना. ज्या तोंडून तीस वर्षं शब्दांना खळ नव्हता, ते तोंड कोरडं ठाक. देवानं बरं केलं आणि मग पुन्हा पाडलं? का त्यानं काही केलंच नव्हतं आणि आपणच त्याच्या नावावर खपवलं? देव खोटा की प्रमोदिनी खोटी, एवढाच प्रश्न. त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं. त्यातल्या त्यात ते सोपं होतं. पण तेवढ्यानं भागेना. मनात शंका शिरली की ती एका खोलीत थोडीच थांबते! मग आजवरच्या साखळ्यांचं काय? बरे झाले ते प्रार्थनेनं झाले, आणि गेले ते?

गेले ते म्हणताना त्यांना मधु आठवला. सरोजचा मधु. सरोज ही त्यांच्याच मंडळीतली, विधवा, शिवणकाम करणारी. आठ वर्षांपूर्वी तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला मेंदूज्वर झाला. बाईंनी नऊ दिवस साखळी चालवली. मधु गेला. पुढच्या महिन्यात बाईच सरोजला म्हणाल्या होत्या, "ऊठ, साक्ष दे. देवानं तुला शांती दिली म्हणून सांग. मंडळीला बळ मिळेल." सरोज उठली, तेवढंच बोलली आणि खाली बसली. त्यानंतर ती दर रविवारी येते, शेवटच्या बाकावर बसते, पण साखळीत एकदाही नाव देत नाही. बाईंना वाटायचं, कामाचा ताण असेल. आठ वर्षं वाटत आलं! आज पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या त्या वाटण्याची लाज वाटली.

गुरुवारपासून फोन सुरू झाले. शनिवारी किती वाजता, केक आम्ही आणू का, पुलाव किती माणसांचा. शेवटी बाईंनी पाळकसाहेबांना खरं सांगितलं. साहेब भला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "बाई, कार्यक्रम पुढे ढकललाय एवढंच कळवू. बाकी एवढ्यात नको. नव्या लोकांचा विश्वास डळमळेल."

"साहेब, पोरीच्या घशात नळी आहे. 'पुढे ढकललाय' म्हणू?"

"मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"माझं भलं राहू द्या. डळमळतो तो विश्वास माझाच आहे, तो मी बघते. रविवारी मला दोन मिनिटं द्या." आणि फोन ठेवून दिला. रागानं का होईना, तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या अंगात जीव आला.

रविवारी चर्च गच्च भरलेलं. पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण बाईंकडे न बघता. बाई उठल्या, पुढे गेल्या, टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

"गेल्या रविवारी दिलेली साक्ष मी परत घेते."

खोकणारासुद्धा खोकायचा थांबला.

"अंतरा बरी झालेली नाही. मशीनवर आहे. मला जे व्हायला हवं होतं, ते झालं म्हणून मी तुम्हाला सांगितलं, आणि देवाचं नाव लावलं. सून नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. साखळी बंद केली ती मी, देवानं सांगितलं नव्हतं. बुधवारपासून मला प्रार्थना येत नाही. एक वाक्यसुद्धा नाही. तो ऐकतो का, हेच मला आज खात्रीनं सांगता येत नाही. ज्याला येत असेल त्यानं एक तास घ्यावा. माझं नाव यादीत धरू नका."

झालं. आमेन नाही, काही नाही. त्या सरळ मधल्या वाटेनं बाहेर गेल्या. मागे कुजबुज उठली. एकजण म्हणाला, हे घरी सांगायचं होतं, चर्चमध्ये नव्हे. बाईंना ऐकू गेलं, पण चालणं थांबलं नाही.

फाटकाशी सरोज येऊन उभी राहिली. धापा टाकत होती.

"बाई, थांबा. यादी कोण करतंय?"

"माहीत नाही गं."

"तुम्हीच करा. प्रार्थना येत नसली तरी यादी येते ना? मला दुपारचे दोन ते तीन द्या."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "सरोज, तू तर—"

"मधु अडीचला गेला. त्या तासाला मी आठ वर्षं डोळे मिटलेले नाहीत. तुम्ही मला शांती मिळाली म्हणायला लावलंत, मी म्हटलं. नव्हती मिळाली. अजून नाही."

"मग दर रविवारी येतेस ती?"

"भांडायला दुसऱ्या कुणाकडे जाऊ?" सरोज म्हणाली. "मेलेल्या नवऱ्याशी भांडता येत नाही. हा वरचा निदान आहे असं तुम्ही सगळे म्हणता."

बाईंना हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. भर रस्त्यात सरोजचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "चुकले गं मी. तुझ्या दुःखावर झाकण लावलं मी." सरोजनं हात सोडवून घेतले नाहीत. "चुकलातच," ती म्हणाली. "आता यादी काढा."

साखळी पुन्हा लागली. घरं या वेळी एकोणीसच निघाली. नाराज झालेले नाराजच राहिले. उरलेले तास ज्यांनी दोन-दोन घेतले, त्यांना बाईंनी झोपलात का म्हणून फोन केला नाही. सरोज ठाण्यातच टेंभी नाक्यावरच्या एका दुकानात ब्लाउज शिवते; जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता चालत हॉस्पिटलात यायची. अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी एकच खुर्ची होती, ती हेमांगीची. दुसऱ्या दिवसापासून दोन वाजले की हेमांगी मुकाट्यानं उठायची आणि सरोजला बसायला द्यायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. सरोजचे ओठ हलत, आणि चेहरा असा, की समोरच्याला जाब विचारतेय. बाई शेजारी उभ्या राहायच्या. चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "प्रभू, मला कळत नाही. पण पोरगी सोडू नकोस." एवढीच प्रार्थना, आणि आवाज इतका लहान की शेजारणीलाही ऐकू आला नाही. पण ती त्यांची स्वतःची होती. पुढचे दिवस त्यांनी तेवढ्यावर काढले.

डॉक्टर लेल्यांनी औषधाची दुसरी फेरी दिली. सोळाव्या दिवशी नळी निघाली. मग फिजिओथेरपी, पट्टे, वॉकर, किरकिर, हट्ट, रडारड. कधी पुढे दोन पावलं, कधी आठवडाभर एकही नाही. मार्चमध्ये अंतरा वॉकर धरून घरातल्या घरात फिरू लागली आणि आजीला दम देऊ लागली, "तू मध्ये येऊ नकोस, मी पडेन."

मार्चच्याच एका रविवारी ती चर्चला आली. पायऱ्यांवर बापानं उचललं, आत ती वॉकर टेकत स्वतः चालली. हेमांगी मागोमाग, पडली तर धरायला हात पुढे करून. सगळी मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढून हाक मारली, "बाई, आता तरी साक्ष द्या! आता तर कुणाची हरकत नाही!"

बाई उठायला गेल्या, आणि त्यांची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. तिथे सरोज बसली होती. देवानं माझ्या पोरीला वाचवलं म्हणायचं, ते हिच्यासमोर? मग हिचा का नाही? चार महिने जे विचारायचं टाळलं होतं, ते समोर येऊन बसलं होतं. न बोलणंही खोटंच झालं असतं; पोरगी चालत आली होती, आणि उपकार छातीत मावत नव्हते. बाई अर्धवट उठलेल्या, तशाच राहिल्या. ना उभं राहवेना, ना बसवेना.

शेवटच्या बाकावरून सरोज उठली.

"मी देते साक्ष," ती म्हणाली. आवाज पार पुढपर्यंत पोचला. "अंतरा बरी झाली. मी रोज दुपारी काचेतून बघितलं आहे. माझा मधु बरा झाला नाही. तेही मी बघितलं आहे. दोन्हींसाठी याच मंडळीनं, याच देवाकडे मागितलं होतं. असं का, ते मला कळत नाही, आणि कुणी मला समजावायला येऊ नका. पण दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही याच्यासमोरच बोलायचं आहे. आता आमेन म्हणा."

मग एक बारीक, अजून घोगरा असलेला आवाज पुढून आला. अंतरा वॉकर धरून उभ्याउभ्या "आमेन" म्हणाली, आणि तिच्या मागे हात पुढे करून उभी असलेली हेमांगीही म्हणाली. मग सगळी मंडळी म्हणाली.

प्रमोदिनीबाई आता उठल्या. त्या मधल्या वाटेनं शेवटच्या बाकापर्यंत गेल्या, सरोजला जरा सरकायला लावलं, तिच्याशेजारी बसल्या आणि मग, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, हळू आवाजात आमेन म्हणाल्या.